भोईरदादांचा शेवटचा रकाना

भोईरदादांना कुणी साधा माणूस म्हटलं की माझं डोकं फिरतं. परवा आमच्या जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी त्यांचा फोटो टाकला. पुतणीच्या हळदीतला, डोक्यावर फेटा, गालाला हळद. खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग लागली. 'किती साधे होते ना दादा!' होते म्हणे. माणूस अजून जिवंत आहे, शहाडला आहे, रोज सकाळी आठला कामावर जातो. आणि साधे कसले डोंबल! एवढा हट्टी, एवढा मानी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. ज्यांनी ज्यांनी हात जोडले ते सगळे त्या दिवशी त्या मीटिंगमध्ये होते. मीही होते. मी हात जोडले नाहीत, एवढंच काय ते माझ्या बाजूनं सांगण्यासारखं.

आमचं ऑफिस ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. खाली स्क्रू-बोल्टचं वर्कशॉप, वरच्या मजल्यावर आम्ही. दवाखाने, पतपेढ्या, छोटे कारखाने यांचे कम्प्युटर उचलून क्लाऊडवर न्यायचे, हा आमचा धंदा. क्लाऊड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतलं भाड्याचं मशीन, दुसरं काही नाही. मशीन भाड्यानं घेतलं की त्याला डिस्क कुठली लावायची ते ठरवावं लागतं. साधी फिरती डिस्क असते, स्वस्त आणि मंद. एसएसडी असते, आत काहीच न फिरणारी, चपळ. तिच्याहून महागडी, तिच्याहून वेगवान आणखी एक एसएसडी असते. आणि एक असते तात्पुरती डिस्क. ती मशीनच्या अंगातच असते, मशीनबरोबर फुकट मिळते आणि वेगात सगळ्यांच्या नाकावर टिच्चून पुढे जाते. कुणाला कुठली द्यायची हे ठरवणं भोईरदादांचं काम होतं. दत्ताराम भोईर. ऑफिसात आमचे साहेब नाडकर्णी सोडले तर वयानं सगळ्यांत मोठे.

बुटके, काळेसावळे, शर्ट कायम पॅंटच्या बाहेर. खिशात एकच निळं पेन. त्याच्या टोपणाला लाल रबर गुंडाळलेलं, म्हणजे कुणी ढापलं तर ओळखता यावं. घराणं खाडीकाठचं. आजा आणि बाप मिठागरावर राबलेले. पुढे जमिनींना भाव आला, इमारती उठल्या, भावांच्या गळ्यात बोटाएवढ्या चेनी आल्या. भाऊ यांना म्हणायचे, "दत्त्या, कशाला जातस रं नोकरीला? आपल्याला काय कमी हाय?" दादा आम्हाला हे सांगून हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा नऊ वाजता जाग्यावर हजर. कशासाठी, ते मला तेव्हा कळायचं नाही. त्यांना डिस्का आवडायच्या. खरंच आवडायच्या. नवीन प्रकार बाजारात आला की लग्नाच्या मुलीची चौकशी करावी तशी चौकशी सुरू.

त्यांची परीक्षा घेण्याची पद्धत ठरलेली होती. बाकीचे लोक ऑफिस रिकामं झालं की वेग मोजायचे. दादा मोजायचे साडेअकराला, सगळं ऑफिस कामाला जुंपलेलं असताना. म्हणायचे, "सगळे घरी गेल्यावर काय, सगळ्याच डिस्का शहाण्या. गर्दीत कशी वागते ते बघायचं." मग लिहिण्याचा वेग, वाचण्याचा वेग. आणि शेवटी त्यांची आवडती चाचणी. मशीन पूर्ण बंद करायचं, चहा पिऊन यायचं, मशीन चालू करायचं आणि बघायचं, आत ठेवलेलं सामान जागेवर आहे का.

माझ्या पहिल्या आठवड्यात मी मशीन रीस्टार्ट केलं आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "दादा, सगळं आहे जागेवर."

"बंद केलंस?"

"रीस्टार्ट केलं ना."

"अगो बाय, रीस्टार्ट म्हणजे डुलकी. डुलकी काढून उठलेला माणूस त्याच खाटेवर असतो. बंद म्हणजे खोली सोडली. पुन्हा चालू करशील तेव्हा ते लोक दुसऱ्याच खोलीत घालतात आपल्याला. आपल्या मालकीच्या डिस्का मागून येतात. तात्पुरती डिस्क त्या खोलीचीच. ती तिथंच राहते, पुसून दुसऱ्याला देतात."

मग मिठागर निघालंच. ते निघायचंच. "आमचा आजा बोलायचा, मीठ किती पांढरं ते नंतर सांग, रास झाकलीस का ते आधी सांग." मी मान डोलावली. ऐकलं होतं मी. नीट ऐकलं होतं. म्हणून तर आज हे लिहिताना माझ्याकडे सांगायला सबब नाही.

एकदा एक विक्रेता आला होता, सूट-बूट, लॅपटॉपवर चढत्या रेघा. तासभर त्यानं वेगाचे आकडे म्हणून दाखवले. शेवटी दादा म्हणाले, "ठीक है, अब बंद करके दिखाव." तो बिचारा गोंधळला. "सर, बंद क्यों करना है? ये तो चौबीस घंटा चलेगा." दादा म्हणाले, "मेरा बाप भी ऐसाच बोलता था, बारिश आयेगाच नहीं, रास क्यों ढकना है." सगळं ऑफिस खिदळलं. दादा हसले नाहीत. त्यांनी वही उघडली आणि त्या डिस्कपुढे लिहिलं, 'बंद करून दाखवली नाही.'

ती वही. लांब, जाड पुठ्ठ्याची, किराणा दुकानात असते तशी. प्रत्येक चाचणी, प्रत्येक बदल त्यात मराठीत लिहिलेला. काय केलं, काय झालं, आणि खाली एक ओळ, करणाऱ्याची सही. ही सही ज्यानं केलं त्यानंच करायची. दुसऱ्याचं नाव ते कधीही लिहायचे नाहीत. कुणी चूक केली आणि सगळ्यांना माहीत असलं तरी त्या माणसानं येऊन सही करेपर्यंत ती ओळ कोरी राहायची. आम्ही चेष्टा करायचो, "दादा, पोलीस पाटील झालात." ते म्हणायचे, "दुसऱ्यानं लिहिलं ती तक्रार झाली. आपण लिहिलं तर ते काम झालं."

आणि हे नुसतं बोलणं नव्हतं. एकदा त्यांच्याच हातून भलतीच डिस्क पुसली गेली. आमच्याच ऑफिसच्या हजेरीची. कुणाला कळायच्या आत ते जागेवरून उठले, मधल्या मोकळ्या जागेत उभे राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "हजेरीची डिस्क गेली. मी घालवली." मग वहीत सही केली. नाडकर्णींनी सगळ्यांसमोर त्यांची बिनपाण्यानं केली. दादांनी ऐकून घेतलं, दुपारी नेहमीसारखा डबा उघडला, सुक्या जवळ्याची चटणी भाकरीवर घेतली आणि आम्हाला पण विचारलं. मला तेव्हा ते फार मोठे वाटले होते. आता वाटतं, मोठा माणूस शेजारी बसलेला असला म्हणून आपली उंची काही वाढत नाही.

शहाडच्या डायलिसिस केंद्राचं काम आलं तेव्हा मी नुकती टीम लीड झाले होते. दादांनी चार डिस्कांची तुलना करून दिली. सहा रकाने. वेग, क्षमता, किंमत, गर्दीतला वेग, वाढवता येते का, आणि शेवटचा रकाना लाल अक्षरात, 'मशीन बंद केल्यावर सामान राहतं का?' तात्पुरत्या डिस्कपुढे तिथं एकच शब्द होता, 'नाही.' कागद माझ्या हातात दिला आणि ते पुतणीच्या हळदीला गेले. त्यांच्याकडची हळद म्हणजे पुढचे-मागचे दिवस धरून पंधरवड्याची सुट्टी.

मी त्या कागदाची स्लाईड केली. नाडकर्णींनी बघितली. "फार भरगच्च दिसतंय गं. एक कॉलम काढ."

"कुठला, सर?"

"तो शेवटचा. लाल रंग बघून गिऱ्हाईक घाबरतं. आणि डायलिसिस केंद्राचं मशीन बंद कोण करणार आहे?"

मी काढला. एक कळ दाबली, गेला. खाली 'तुलना : द. भोईर' असं बारीक अक्षरात होतं, ते मात्र राहू दिलं. दुसऱ्याच्या कामाचं श्रेय लाटू नये, एवढा सज्जनपणा माझ्यात होता.

लाल रकाना गेल्यावर उरलेल्या पाचांत तात्पुरती डिस्क उठून दिसायला लागली. सगळ्यांत वेगवान, वर फुकट. नाडकर्णींनी मीटिंगमध्ये केंद्राच्या लोकांना वेगाचा आकडा सांगून टाकला. मला माहीत होतं का? होतं. वाटलं, प्रत्यक्ष बसवताना दादा बघतीलच. दादा हळदीत. मग वाटलं, आल्यावर सांगू. ते आले तर त्यांना परस्पर दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे पाठवलेलं. तोपर्यंत केंद्र सुरू झालं होतं, सगळे खूश होते, आणि नवीन लीडनं आपल्याच पहिल्या कामात खोट काढायची म्हणजे जिवावर आलं. मी आपली मशीन रीस्टार्ट करून बघितलं. सगळं जागेवर. डुलकी! मला शिकवलेलं होतं हे, आणि तरी मी हुश्श केलं. रोजचा बॅकअपसुद्धा त्याच डिस्कवर पडत होता, लवकर होतो म्हणून.

तीन आठवड्यांनी नाडकर्णींचा मेल आला. रविवारी केंद्र बंद असतं, मग मशीन कशाला चालू ठेवायचं, शनिवारी संध्याकाळी आपोआप बंद होईल अशी व्यवस्था करा. मी तो मेल दोनदा वाचला. आणि 'ओके सर' असं उत्तर दिलं. एवढे दोन शब्द. माणूस स्वतःला किती सहज फसवतो याचा मला स्वतःपुरता चांगला अनुभव आहे.

सोमवारी सकाळी केंद्राचं मशीन चालू झालं आणि आत काही नव्हतं. डायलिसिसच्या पेशंटचं वजन हा सगळा खेळ असतो. दर खेपेला वजन घ्यायचं, त्यावरून अंगातलं किती पाणी काढायचं ते ठरवायचं. कम्प्युटर आला म्हणून तिथल्या मुलींना कागदावर लिहिणं बंद करायला आम्हीच सांगितलं होतं. त्या सकाळी एका बाईंचं पाणी जुन्या कागदावरच्या आकड्यावरून काढलं. जास्त निघालं, रक्तदाब कोसळला, शुद्ध गेली. तासाभरात सावरल्या त्या, देवाची कृपा. पण त्या तासात मी वागळे इस्टेटला फोन हातात धरून काय काय नवस बोलले ते माझं मला माहीत.

दुपारी मीटिंग. भिंतीवर तीच स्लाईड. नाडकर्णी म्हणाले, "भोईर, ही तुमची तुलना. यात कुठं लिहिलंय, की मशीन बंद केल्यावर डेटा जातो?"

दादा उठले. पडद्याजवळ गेले आणि बोट लावून रकाने मोजले. "एक, दोन, तीन, चार, पाच." मग वळले. "पाच हायत."

"नाव तुमचंच आहे ना खाली?"

"नाव माझं हाय."

"आणि काम?"

दादांनी टेबलाभोवती एकदा सगळ्यांकडे बघितलं. माझ्याकडे जास्त वेळ नाही, इतरांइतकंच. म्हणाले, "ज्याचं हाय तो बोलेल."

आणि ते वाट बघत उभे राहिले. मला आजही त्याचा राग येतो. मूळ कागद त्यांच्या कपाटात होता, सहाच्या सहा रकान्यांचा. आणून आपटायचा होता टेबलावर! माझं नाव घ्यायचं होतं! मी रडले असते, फार तर नोकरी गेली असती, आणि सुटले असते. पण नाही. स्वतःच्या वहीचा नियम मोडेल तर तो भोईर कसला. नाडकर्णींना सगळं ठाऊक होतं, ते फोन चाळत बसले. मी समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायले. सगळं, सावकाश. दादा तेवढा वेळ उभे होते. मग "बरं" म्हणाले आणि खुर्चीवर येऊन बसले.

त्यांच्याकडचं काम काढून घेतलं. जुने लॅपटॉप मोजायला स्टोअरमध्ये बसवलं. त्यांनी रजा टाकली आणि शहाडला गेले. हे मला केंद्रातल्या प्रज्ञा नावाच्या टेक्निशियन मुलीनं नंतर सांगितलं. दादा रोज सकाळी यायचे, एकेका पेशंटच्या खाटेशी स्टूल घेऊन बसायचे आणि तीन आठवड्यांची वजनं आठवून घ्यायचे. कुणी औषधाच्या पावतीमागे लिहिलं होतं. एका आजींनी घरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या शेजारी, दर खेपेचं वजन टिपलं होतं. ते कॅलेंडर आणायला दादा स्वतः त्यांच्या घरी गेले. पेशंट त्यांना शिव्या द्यायचे. तुमच्या कंपनीनं आमच्या जिवाशी खेळ केला म्हणायचे. दादा म्हणायचे, "हो, केला. वजन सांगा." पंधरा दिवसांत त्यांनी होतं तेवढं परत जमवलं, डॉक्टरांकडून तपासून घेतलं, आणि मग आमच्याकडे राजीनामा पाठवून दिला. केंद्रानं त्यांना ठेवून घेतलं. ज्याच्या घरात पाच गाड्या आहेत असा माणूस शहाडच्या एका डायलिसिस केंद्रात कम्प्युटर सांभाळतो, आणि आमच्या ग्रुपवर लोक त्याला साधा म्हणतात.

मला पुढे बढती मिळाली. मी तिथे कधी गेले नसते. पण गेल्या वर्षी कल्याणच्या माझ्या काकांना डायलिसिस सुरू झालं आणि जागा मिळाली ती नेमकी त्याच केंद्रात. पहिल्या दिवशी त्यांना घेऊन मीच गेलेले.

काचेच्या दारामागे टेबल, टेबलाशी दादा. केस पिकलेले. मला बघून चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "ये बाय. पेशंट कोण?"

"माझे काका."

"वजन?"

त्यांनी कम्प्युटरमध्ये घातलं, मग कागदावर लिहिलं, मग काकांच्या हातात एक छोटी डायरी दिली. "तुम्ही पण लिवायचं. आमच्या भरवशावर ऱ्हायचं नाय." काकांना आत घेतलं. मी समोर बसले. बोलायला विषय नव्हता म्हणून विचारलं, "इथे डिस्क कुठली लावलीत, दादा?"

"मधली. ना फार पळत, ना फार रडत." मग म्हणाले, "दर रविवारी बंद करतो. सोमवारी मी येऊन चालू करतो, बघतो, मग पेशंट आत."

मी म्हणाले, "दादा, तेव्हा मी..."

"काय?"

मला पुढे येईना. दादांनी खालच्या कप्प्यातून ती जुनी वही काढली, पान शोधलं आणि माझ्यापुढे सरकवली. त्यांच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, 'शहाड केंद्र. तुलनेतला शेवटचा रकाना काढला. डेटा गेला. एक पेशंट बेशुद्ध, वाचली.' खाली 'करणाऱ्याची सही'. पुढे कोरं.

"रागावलोय मी तुझ्यावर," दादा म्हणाले. "गेला नाय राग. जाईल असं पण वाटत नाय. पण ही ओळ भरायची ऱ्हायलेय." आणि खिशातलं पेन काढून त्यांनी वहीवर ठेवलं.

मी पेन उचललं. टोपण काढलं. स्वतःचं नाव लिहायचं होतं, दिवसातून दहादा लिहिते ते. नाडकर्णींनी काढायला सांगितला होता, हे आठवलं. तेही लिहायला नको का? मग फक्त माझीच सही कशी? असला विचार त्या वेळी माझ्या डोक्यात आला. आतून कुठल्या तरी मशीनचा भोंगा वाजला. "आलो," म्हणून दादा उठून आत गेले.

मी वही मिटली. उठले, आणि बाहेर आले. काकांना घ्यायला चुलतभावाला फोन केला, ऑफिसचं काम निघालं म्हणून सांगितलं. रिक्षा मिळेना म्हणून समोरच्या फुटपाथवर उभी होते, तेवढ्यात काचेच्या दारातून दादा परत आलेले दिसले. खुर्चीवर बसले. त्यांनी वही उघडली, ते पान काढलं आणि वाकून बघितलं. बराच वेळ बघत होते. मग वही कप्प्यात ठेवली, काकांचा कागद पुढे ओढला आणि लिहायला खिशाकडे हात नेला. खिसा चाचपला. टेबलावरचे कागद उचलून खाली बघितलं, कम्प्युटरमागे बघितलं, वाकून टेबलाखाली बघितलं. मी रस्त्याच्या या बाजूला उभी होते. लाल रबराचं पेन माझ्या मुठीत होतं.